जुन्या मोहल्ल्यातले घर आणि त्याचा कागद

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाचे दुरुस्ती मंडळ मुंबई शहरातल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. डोंगरी, भेंडी बाजार, नागपाडा, मदनपुरा, माझगाव, भायखळा या भागांत ती यादी मोबाइलवरून घरोघर फिरते. आपल्या इमारतीचे नाव नसले की लोक हुश्श करतात आणि कामाला लागतात. त्याच दिवसांत त्याच गल्लीत एखादी खोली पागडीने हातोहात विकली जात असते. लग्न ठरलेला एखादा मुलगा आईवडिलांना घेऊन मुंब्र्याला किंवा मीरा रोडला फ्लॅट बघायला निघालेला असतो. खोली विकणारा, ती घेणारा आणि मोहल्ला सोडून जाणारा हे तिघेही एकच हिशोब मांडत असतात: या जुन्या वस्तीत राहायचे की नाही, आणि इथल्या घरात आयुष्यभराची कमाई घालायची की नाही?

घरातल्या चर्चेत याची दोन ठरलेली उत्तरे ऐकू येतात. वडीलधारे म्हणतात, इथे आपली माणसे आहेत, मशीद जवळ आहे, रात्रीअपरात्री हाक मारली तर चार जण धावून येतात. तरुण म्हणतात, इथे उजेड नाही, संडास सामायिक, गाडी ठेवायला जागा नाही, आणि पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो. दोन्ही बाजू खरे बोलतात. पण दोघेही इमारतीच्या वयाबद्दल आणि वस्तीच्या नावाबद्दल बोलतात. आमच्या मते विचारायला हवे ते वेगळेच आहे: या इमारतीची जबाबदारी कोणावर आहे, आणि आपल्या हातात लेखी काय आहे?

मोहल्ल्याने काय दिले

दक्षिण-मध्य मुंबईतली ही वस्ती एका दिवसात वसलेली नाही. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या तोडून रस्ते काढले आणि चाळी बांधल्या. बीआयटी चाळी हे नाव तिथूनच आले. कोकणातून जहाजावर आणि गोदीत कामाला आलेली माणसे माझगाव-डोंगरीत राहिली. कित्येक गावांच्या जमातींनी मिळून खोल्या घेतल्या होत्या. गावाकडून नवा पोरगा आला की त्याची वळकटी आधी तिथे पडायची. उत्तरेतून आलेल्या विणकरांनी मदनपुऱ्यात माग लावले. रायगड-रत्नागिरीतल्या आपल्या अनेक वाचकांच्या आजोबांचा मुंबईतला पहिला पत्ता याच परिसरातला असेल.

अशा मुरलेल्या वस्तीचे मोल तिथून बाहेर पडल्यावर कळते. जे. जे. रुग्णालय 1845 पासून इथे आहे, नायर रुग्णालय मुंबई सेंट्रलला आहे. अंजुमन-ए-इस्लामच्या शाळा, भायखळ्याचे साबू सिद्दीक, नागपाड्याचे महाराष्ट्र कॉलेज हे सारे चालत किंवा एका बसच्या अंतरावर. मशीद बंदर, सँडहर्स्ट रोड, भायखळा आणि मुंबई सेंट्रल अशी चार स्थानके आसपास. मुंब्र्याहून रोज फोर्टला येणाऱ्या माणसाचे दोन-तीन तास लोकलमध्ये जातात. जुन्या वस्तीतला माणूस त्या वेळात दुकान उघडतो, मुलांचा अभ्यास घेतो किंवा निवांत बसतो. कॉलेज पायी जाण्याएवढे जवळ असले की मुलीच्या शिक्षणावर घरात होणारी कुरबुर कमी होते, हेही आपण सगळ्यांनी पाहिले आहे. नोकरी करणाऱ्या बाईला मूल शेजारच्या खालाकडे सोडून जाता येते. घराची किंमत काढताना या गोष्टी कुणी आकड्यांत मांडत नाही.

दुसरी बाजूही स्पष्ट सांगायला हवी. दीड-दोनशे चौरस फुटांच्या खोलीत तीन पिढ्या राहतात. पोटमाळ्यावर अभ्यास करणाऱ्या मुलाला सरळ उभे राहता येत नाही. जिन्याला टेकू लावलेले, तुळया कुजलेल्या, आणि गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, त्यामुळे आगीचा बंब आत शिरणे कठीण. अशा घराला केवळ आठवणींखातर चिकटून राहा, असे कुणालाही सांगता येणार नाही.

जुने पडते, नवेही पडते

31 ऑगस्ट 2017 रोजी भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. ही इमारत पुनर्विकासाच्या प्रकल्पात होती. काही कुटुंबे आधीच तात्पुरत्या घरांत गेली होती, काही मागे राहिली होती. 16 जुलै 2019 रोजी डोंगरीत तांडेल स्ट्रीटला केसरबाई इमारतीचा भाग पडला आणि डझनाहून अधिक जीव गेले. त्यानंतर कोसळलेला भाग नेमका कोणाच्या अखत्यारीतला, तो अधिकृत होता की नाही, यावरच सरकारी यंत्रणांमध्ये वाद सुरू झाला.

या दोन दुर्घटनांवरून जुने ते धोक्याचे असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. पण 4 एप्रिल 2013 रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडली तेव्हा तिचे बांधकाम अजून चालूच होते. परवानगीशिवाय मजल्यावर मजला चढत होता, आणि खालच्या मजल्यांवर माणसे राहायलाही आली होती. सत्तरहून अधिक लोक मेले. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. ती जेमतेम दहा वर्षांची होती. सोळा माणसे दगावली, आणि बिल्डरसह नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हे दाखल झाले.

या चारही ठिकाणी मेलेल्यांत आपली माणसे मोठ्या संख्येने होती. शंभर वर्षांची इमारत पडली तशी दहा वर्षांची पडली, आणि बांधून न झालेलीही पडली. वय वेगवेगळे होते. पण बांधकाम मजबूत आहे की नाही आणि माणसे आत राहू शकतात की नाही, याचा जाब ज्याने द्यायचा तो वेळेवर उभा राहिला नाही. म्हणून जुना मोहल्ला सोडून नवा फ्लॅट घेणाऱ्यानेही सुटकेचा नि:श्वास टाकण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा आणि प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहायला हवी. वीजमीटर लागला, घरपट्टी सुरू झाली, म्हणजे इमारत अधिकृत झाली असे मुळीच नाही.

पागडीत नेमके काय विकत मिळते

जुन्या मुंबईत बहुतेक व्यवहार पागडीचे असतात. पंचवीस-तीस लाख मोजून खोली घेणारा माणूस सर्वांना सांगतो, मी घर विकत घेतले. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू झालेला असतो. जमीन आणि इमारत घरमालकाची राहते. खोलीत राहण्याचा हक्क आधीच्या भाडेकरूकडून नव्याकडे जातो आणि त्या बदल्यात रकमेतला काही हिस्सा, रूढीने साधारण एक तृतीयांश, घरमालक घेतो. भाडे मात्र दरमहा काहीशेच राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने अशा मोबदल्याला कायदेशीर मान्यता दिली. त्याआधी हा सारा व्यवहार टेबलाखालून चालायचा. आता तो उघडपणे, लेखी आणि नोंदणी करून होऊ शकतो. तरीही आपल्याकडे तो अजून जुन्याच पद्धतीने होतो: अर्धी रक्कम रोख, दोन साक्षीदार, एक नोटरी केलेला कागद आणि 'जबान दिली आहे' हा दिलासा.

घरमालकाला बाजूला ठेवून खोली घेतली तर काय होते? पैसे गेलेले असतात, ताबा मिळालेला असतो, पण भाडेपावती जुन्याच नावाने फाटत राहते. घरमालकाला बेकायदा पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा लावता येतो. इमारत पुनर्विकासाला गेली की पात्रतेच्या यादीत पावतीवरचे नाव येते. मग ज्या माणसाने वीस वर्षांपूर्वी खोली विकली त्याचा मुलगा गावाहून येऊन उभा राहतो.

खोली घेण्याआधी चार गोष्टी तपासा. पहिली, शेवटची भाडेपावती कोणाच्या नावे आणि कोणत्या महिन्याची आहे. दुसरी, पावती देणारा खरोखर मालक आहे का. मिळकत पत्रिकेवर त्याचे नाव आहे की मालकांच्या वारसांत कोर्टात दावा चालू आहे. तिसरी, इमारत उपकरप्राप्त आहे का आणि कोणत्या वर्गातली. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या इमारती अ वर्गात, त्यानंतर 1950 अखेरपर्यंतच्या ब वर्गात आणि 1951 पासून 30 सप्टेंबर 1969 पर्यंतच्या क वर्गात येतात. उपकर मालमत्ता कराच्या बिलात दिसतो. चौथी, खोली मुळातली स्वतंत्र आहे की एका खोलीच्या दोन केलेल्या आहेत. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या 33(7) या नियमात 13 जून 1996 नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी धरली जात नाही, आणि अनधिकृत वाढवलेले बांधकामही मोजले जात नाही. विकणारा पार्टिशनच्या भिंतीकडे बोट दाखवून दोन घरांचे स्वप्न विकत असेल, तर ही तारीख लक्षात ठेवा.

आपल्या परिसरात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. जमीन वक्फची आहे का? मशीद, दर्गा किंवा कब्रस्तानाच्या नावे असलेल्या कित्येक मिळकतींवर चाळी आणि दुकाने उभी आहेत. वक्फची मिळकत खासगी मालमत्तेसारखी विकता येत नाही. 'मालकीची' म्हणून तुम्हाला कुणी विकली तरी ती तुमची होत नाही. तिथे भाडेकरू म्हणून राहता येते, पण वक्फ मंडळाच्या किंवा धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात काय नोंद आहे, हे पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. ज्यांनी गरिबांसाठी मिळकत अल्लाहच्या नावे सोडली, त्यांच्या हेतूला हरताळ फासणाऱ्या व्यवहारात आपला पैसा जाता कामा नये, ही जबाबदारी घेणाऱ्याचीही आहे.

कागद मागितला की आपल्याकडे लोक दुखावतात. 'आपल्यात काय लिहापढी?' असे म्हणतात. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकरामधली, देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे, याची त्यांना नम्रपणे आठवण करून द्यावी. लिहून ठेवण्यात अविश्वास नाही. मागाहून दोन घरांत वैर होऊ नये, याची ती सोय आहे.

पैसा कोठून येतो

पागडीच्या खोलीवर बँक सहसा कर्ज देत नाही, कारण गहाण ठेवायला मालकी नसते. शिवाय व्याजाचा प्रश्न आहे. गृहकर्ज घ्यावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि विवेकाचा विषय आहे. संपादकीयातून फतवा काढण्याचे काम आमचे नाही. डॉ. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार व्हावा असे सुचवले होते, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवले. म्हणजे आज व्याज टाळायचे तर आखाती नोकरीतली बचत, अम्मीचे दागिने आणि नातेवाइकांची उसनवार एवढेच उरते.

हा मार्ग सन्मानाचा आहे, पण त्यातही लेखी काही नसते. कोणत्या भावाने किती दिले, ती मदत होती, उसने होते की हिस्सा होता, हे लिहिलेले नसल्यामुळे पुढे भाऊ-भाऊ कोर्टात उभे राहतात. आणि 'हलाल नफा' या शब्दाला भुलून घरासाठी साठवलेली रक्कम बिनपरवाना योजनांत घालणारेही आहेत. बेंगळुरूची आयएमए 2019 मध्ये बुडाली तेव्हा हजारो मुस्लिम कुटुंबांची पुंजी अडकली. ज्या संस्थेवर कोणत्याही नियामकाची देखरेख नाही, तिने कितीही धार्मिक शब्द वापरले तरी घराचे पैसे तिच्याकडे ठेवू नयेत.

पुनर्विकासात गप्प बसणारा हरतो

उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात पात्र निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मालकी हक्काने मिळते. दीडशे फुटांत वाढलेल्या मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. त्यासाठी निम्म्याहून अधिक, म्हणजे 51 टक्के रहिवाशांची लेखी संमती लागते. याचा सरळ अर्थ असा की विकासक कोण, करार कसला, तात्पुरत्या घराचे भाडे किती आणि किती काळ, हे ठरवण्याची ताकद रहिवाशांच्या हातात आहे. बहुतेक इमारतींत ती ताकद वापरलीच जात नाही. एजंट एकेका घरी जातो, संमतीपत्रावर सही घेतो, आणि शेजाऱ्याने काय लिहून दिले हे शेजाऱ्याला माहीत नसते. इमारत रिकामी होते, पहिली दोन वर्षे भाडे येते, मग बंद होते. संक्रमण शिबिरात म्हातारी झालेली माणसे मुंबईत कमी नाहीत.

भेंडी बाजारात सैफी बुऱ्हानी ट्रस्टने 2009 पासून साधारण 16.5 एकरांत, सुमारे 250 इमारतींचा समूह पुनर्विकास हाती घेतला. प्रकल्पाला वेळ लागला, अडचणीही आल्या, पण नव्या इमारती उभ्या राहिल्या आणि लोक त्यांत राहायला गेले. त्यामागे दाऊदी बोहरा समाजाची संघटना, पैसा आणि एकाच ठिकाणी जाब विचारता येईल अशी संस्था होती. मदनपुऱ्याच्या मागवाल्याकडे किंवा डोंगरीच्या हातगाडीवाल्याकडे असा ट्रस्ट नाही. त्याच्याकडे फक्त त्याच्या इमारतीतले शेजारी आहेत. म्हणून इमारतीचा भाडेकरू संघ किंवा नियोजित सोसायटी हीच त्याची संस्था. महिन्यातून एक बैठक, तिचे लिहिलेले इतिवृत्त, सर्वांच्या पावत्यांची एक फाइल आणि स्वतंत्र वकील व अभियंता, एवढ्या गोष्टींनी बराच फरक पडतो.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. ती खर्चाची म्हणून टाळली जाते, आणि अहवाल आला तर बाहेर पडावे लागेल या भीतीनेही टाळली जाते. ही भीती खोटी नाही, पण अर्धवट माहितीवर उभी आहे. इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. रिकामी करण्याआधी आपण किती क्षेत्र वापरत होतो याचा लेखी दाखला महापालिका किंवा म्हाडाकडून घ्या, खोलीचे मोजमाप आणि फोटो ठेवा. हक्क जाईल या धास्तीने मुलाबाळांना टेकूवर उभ्या असलेल्या भिंतींत ठेवू नका.

पुणे, सोलापूर, मालेगावच्या वाचकांसाठी एक सूचना. उपकर आणि म्हाडाचे दुरुस्ती मंडळ ही व्यवस्था फक्त मुंबई शहरापुरती आहे. तुमच्या पेठेतल्या वाड्यासाठी किंवा गावठाणातल्या घरासाठी नगर भूमापन कार्यालयातली मिळकत पत्रिका आणि दुय्यम निबंधकाकडचा शोध हेच पहिले कागद. पत्रिकेवर पणजोबांचे नाव असेल, तर विकणाऱ्या एका भावाच्या सहीने काम भागत नाही.

बहिणीचे नाव कुठे आहे?

घराच्या कागदाबद्दल बोलताना आपल्या समाजाला एक कडू प्रश्न स्वतःलाच विचारावा लागेल. या पावत्यांवर, शेअर सर्टिफिकेटांवर, करारांवर बायकांची नावे किती? शरियतचा आग्रह सभेत मोठ्याने धरणारे घरात वाटणीची वेळ आली की हक्कसोडपत्र तयार ठेवतात. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा का, यावर वाद घालता येईल, आणि आमची चळवळ तो घालत आली आहे. पण जो निम्मा ठरवून दिला आहे, तोसुद्धा किती घरांत दिला जातो? 'तिच्या लग्नात खर्च केला' हे उत्तर ना कायद्यात बसते ना धर्मात.

पागडीच्या खोलीत गुंता आणखी आहे. भाडेकरू वारला की भाडे कायद्यानुसार त्याच्याबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडे भाडेदारी जाते. असा कुणी नसेल तर वारसाकडे. म्हणजे लग्न होऊन दुसरीकडे गेलेली बहीण बहुधा कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. पुढे त्याच खोलीच्या जागी मालकीचा फ्लॅट येतो आणि त्याची किंमत कोटीत जाते. जी आपा वडिलांच्या आजारपणात रोज येऊन बसत होती, तिच्या हाती काहीच लागत नाही. कायद्याने सांगितले नाही तरी तिचा हिस्सा देण्यापासून भावाला कुणी अडवलेले नाही.

मालकीच्या फ्लॅटमध्ये नॉमिनी म्हणून नाव लागलेला मुलगा स्वतःला मालक समजतो. नॉमिनी हा मालक नसतो. सहकार कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर तर वारसांची नोंद होईपर्यंत त्याला तात्पुरता सभासद म्हणूनच घेतले जाते. आणि नवे घर घेताना बायकोचे नाव आधी घालायला आर्थिक कारणही आहे: 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावे निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तलाक किंवा वैधव्य आल्यावर ज्या बाईच्या नावे घर आहे, तिला कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. मेहरच्या रकमेवर तासभर घासाघीस करणाऱ्या दोन्ही घरांनी निकाहाच्या आधी हा विषयही काढावा.

दुसरे दार बंद असताना

आता मोहल्ल्याबाहेरचे बोलू. अनेक तरुण जुन्या वस्तीत घर घेतात, कारण दुसरीकडे त्यांना मिळत नाही. फोनवर सारे ठरते, नाव सांगितले की 'जागा गेली'. सच्चर समितीने 2006 च्या अहवालात हीच तक्रार नोंदवली: भीतीपोटी एकाच वस्तीत एकवटणे आणि इतरत्र घर मिळताना येणारा अडथळा. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतली कित्येक कुटुंबे सरमिसळ वस्त्या सोडून निघाली, आणि तेव्हापासून शहराचा नकाशा अधिकच वाटला गेला. देशात कुठेही राहण्याचे स्वातंत्र्य राज्यघटनेने दिले आहे, पण धर्मावरून भेदभाव करण्याची कलम 15 मधली मनाई मुख्यतः राज्यसंस्थेला लागू होते. 2005 मध्ये गुजरातमधल्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरते ठेवणारा उपविधी मान्य केला. खासगी घरमालकाने भाड्याने घर नाकारले, तर आपल्याकडे आज थेट उपाय फारसा नाही. घरांमधल्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा व्हावा, ही मागणी आपण दलित, एकट्या राहणाऱ्या महिला आणि इतर ज्यांना ज्यांना दारातून परतवले जाते त्यांच्याबरोबर मिळून करायला हवी.

पण मालकीचा फ्लॅट विकत घेताना महाराष्ट्रात कायदा तुमच्या बाजूने बराच उभा आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार सोसायटीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. नाकारले तर लेखी कारण द्यावे लागते. अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही, तर तुम्ही सभासद झालात असे मानले जाते. नकाराविरुद्ध दोन महिन्यांत निबंधकाकडे अपील करता येते. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतरासाठी सोसायटीच्या ना-हरकत प्रमाणपत्राची गरज नाही, आणि हस्तांतर अधिमूल्य महापालिका क्षेत्रात 25,000 रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणून 'कमिटी नाही म्हणते' हे एजंटाच्या तोंडून ऐकून परत फिरू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, उत्तर लेखी मागा. नकार कागदावर लिहून देण्याची वेळ आली की अनेकांचा सूर बदलतो.

हे दार ठोठावत राहणे आणि मोहल्ल्यात घर घेणे यांत विसंगती नाही. दुसरीकडे जाण्याचा हक्क शाबूत असेल, तेव्हाच इथे राहणे ही आपली निवड ठरते. आणि आपल्या मोहल्ल्याचे दारही सर्वांना उघडे असावे. 'आपल्या जातबिरादरीचाच भाडेकरू हवा' असे आपल्यातलेही घरमालक म्हणतात. दुसऱ्या सोसायटीकडून न्याय मागणाऱ्याला आपल्या इमारतीत ती अट चालवून घेता येणार नाही.

मग घर कुठे घ्यावे? ज्याचे काम, आईवडील आणि मुलांची शाळा याच परिसरात आहे, ज्याच्या इमारतीची पावती, मालकी आणि तपासणी ठीक आहे, त्याने जुन्या मोहल्ल्यात घर घ्यायला लाजू नये. जिथे पावती दुसऱ्याची, मालक कोर्टात आणि जिना टेकूवर, तिथे कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. आणि आधीपासून राहत असाल तर हक्काचे पुरावे गोळा करून वेळेत बाहेर पडावे. बाहेर गेलेल्यांनीही मागची इमारत विसरू नये. शिकलेली मुले निघून गेली की मागे म्हातारी माणसे आणि एजंट एवढेच उरतात, आणि संमतीपत्रे त्यांच्यातच भरली जातात.

या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक इमारतीतल्या दोन तरुणांनी, एक मुलगा आणि एक मुलगी, एवढे काम अंगावर घ्यावे. प्रत्येक घरातली शेवटची भाडेपावती, मालमत्ता कराचे बिल, रेशनकार्ड आणि वीजबिल यांच्या प्रती एका फाइलमध्ये लावाव्यात. इमारत कोणत्या वर्गातली, शेवटची तपासणी कधी झाली, मालक कोण, हे पहिल्या पानावर लिहावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना प्रत्येक कागद वाचून दाखवावा, आणि न वाचता कुणाला सही करू देऊ नये. ती फाइल इमारतीतल्या एखाद्या विश्वासू चाचींकडे ठेवावी, आणि तिची एक प्रत इमारतीबाहेर, दुसऱ्या पत्त्यावर ठेवावी.